विश्लेषण : बुद्धिबळ ऑलिम्पियाडचा ‘चौथा पट’ देवळाली प्रवरापर्यंत कधी पोहोचणार?

बुडापेस्ट येथे सप्टेंबर २०२४ मध्ये झालेल्या बुद्धिबळ ऑलिम्पियाडमध्ये भारताने खुल्या आणि महिला अशा दोन्ही विभागांत सुवर्णपदक जिंकले. नाशिकचा विदित गुजराथी, नागपूरची दिव्या देशमुख आणि महिला संघाचा कर्णधार असलेला पुण्याचा ग्रँडमास्टर अभिजित कुंटे या महाराष्ट्राच्या तिघांचा या यशात वाटा होता. तिघेही मोठ्या शहरांतले. २०२६ च्या ऑलिम्पियाडचे यजमानपद उझबेकिस्तानकडे आहे. त्यानिमित्ताने पुन्हा पदकांची गणिते मांडली जातील. पण अहिल्यानगर जिल्ह्याच्या राहुरी तालुक्यातील देवळाली प्रवरासारख्या छोट्या नगरपरिषदेच्या गावातून असा खेळाडू घडू शकतो का, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. या प्रश्नाचे मूळ स्पर्धेच्या स्वरूपातच आहे.

ऑलिम्पियाड कशी खेळली जाते?

‘फिडे’ ही जागतिक बुद्धिबळ संघटना १९२४ मध्ये पॅरिसमध्ये स्थापन झाली आणि पहिली अधिकृत ऑलिम्पियाड १९२७ मध्ये लंडनला झाली. महिलांची स्वतंत्र ऑलिम्पियाड १९५७ मध्ये सुरू झाली. भारत प्रथम खेळला तो १९५६ मध्ये मॉस्को येथे. आता ही स्पर्धा साधारणपणे दर दोन वर्षांनी होते आणि १८० हून अधिक देशांचे संघ तिच्यात उतरतात.

प्रत्येक संघात पाच खेळाडू असतात. त्यातले चार एका फेरीत खेळतात, पाचवा राखीव. खेळाडूंचा क्रम स्पर्धेआधी ठरतो आणि नंतर बदलता येत नाही. एका संघाला पहिल्या व तिसऱ्या पटावर पांढरी मोहरी मिळाली, तर दुसऱ्या व चौथ्या पटावर काळी. कोणाला विश्रांती द्यायची हे कर्णधार ठरवतो. डाव सुरू असताना चालीबद्दल मात्र तो काहीही सुचवू शकत नाही. बरोबरी मागावी की स्वीकारावी, एवढाच सल्ला देण्याची त्याला मुभा असते.

गुण कसे मोजतात?

स्विस पद्धतीने ११ फेऱ्या होतात, म्हणजे प्रत्येक फेरीत साधारण सारखे गुण असलेले संघ समोरासमोर येतात. चार डावांत अडीच किंवा जास्त गुण मिळवणारा संघ लढत जिंकतो आणि त्याला २ गुण मिळतात. २-२ अशी बरोबरी झाली तर दोघांना एकेक गुण. २००८ पासून क्रमवारी आधी लढतींच्या या गुणांवर ठरते.

याचा परिणाम मोठा आहे. लढत ४-० ने जिंका किंवा २.५-१.५ ने, गुण दोनच. त्यामुळे एकटा महान खेळाडू संघाला तारू शकत नाही. पहिल्या पटावर जगज्जेता बसवला तरी त्याचा विजय चारांपैकी एकच गुण देतो. उरलेला दीड गुण इतर तिघांनीच आणावा लागतो. विश्वनाथन आनंद पहिल्यांदा जगज्जेता झाला २००० मध्ये. पण ऑलिम्पियाडच्या खुल्या विभागातले भारताचे पहिले पदक, कांस्य, आले २०१४ मध्ये नॉर्वेतील ट्रॉम्सो येथे, आणि त्या संघात आनंद नव्हता.

बुडापेस्टमध्ये नेमके काय घडले?

डी. गुकेश, आर. प्रज्ञानंद, अर्जुन एरिगेसी, विदित आणि पी. हरिकृष्ण यांच्या संघाने २२ पैकी २१ गुण मिळवले. दहा लढती जिंकल्या, फक्त उझबेकिस्तानशी बरोबरी झाली. दहाव्या फेरीत बलाढ्य अमेरिकेविरुद्ध प्रज्ञानंद हरला. तरीही गुकेश आणि अर्जुन जिंकले आणि चौथ्या पटावर विदितने लेव्हॉन अरोनियनला बरोबरीत रोखले. लढत भारताने २.५-१.५ अशी जिंकली. मथळे गुकेशचे झाले, ते योग्यच. मात्र विदितचा तो अर्धा गुण नसता तर ही लढतही बरोबरीत सुटली असती. स्पर्धेत विदितने १० डावांत ७.५ गुण मिळवले.

महिला संघाची वाट अधिक खडतर होती. आठव्या फेरीत पोलंडकडून पराभव, नवव्या फेरीत अमेरिकेशी बरोबरी. दहाव्या फेरीत चीनविरुद्ध तीन डाव बरोबरीत सुटले आणि तिसऱ्या पटावर दिव्याने नी शिछुनला हरवून लढत जिंकून दिली. दिव्याने ११ डावांत ९.५ गुण मिळवत तिसऱ्या पटाचे वैयक्तिक सुवर्णही पटकावले, तर वंतिका अग्रवालने चौथ्या पटाचे.

फळी पुरेशी खोल नसेल, तर?

तर २०२२ सारखे होते. चेन्नईजवळच्या मामल्लपुरम येथे भारताचा महिला ‘अ’ संघ शेवटच्या फेरीपर्यंत आघाडीवर होता. अखेरच्या दिवशी अमेरिकेकडून १-३ असा पराभव झाला आणि सुवर्णाऐवजी कांस्य हाती आले. त्याच स्पर्धेत खुल्या विभागात अनुभवी ‘अ’ संघाला पदक मिळाले नाही, पण तरुण ‘ब’ संघाने कांस्य जिंकले. नागपूरचा रौनक साधवानी त्या ‘ब’ संघात होता. यजमान म्हणून भारताला जास्त संघ उतरवता आले, म्हणून ही दुसरी फळी जगाला दिसली. दोन वर्षांनी सुवर्ण जिंकणाऱ्या संघातले गुकेश आणि प्रज्ञानंद याच ‘ब’ संघातून आले.

महाराष्ट्रात ही फळी कशी घडली?

मुंबईच्या वासंती, जयश्री आणि रोहिणी या खाडिलकर भगिनींनी राष्ट्रीय महिला स्पर्धेचे पहिले दशक गाजवले. रोहिणी १९७६ मध्ये पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळल्यावर आक्षेप घेतला गेला. तेव्हा महिलांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही, असा निर्वाळा फिडेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी दिला.

देवळाली प्रवराच्या दृष्टीने अधिक बोलके उदाहरण सांगलीचे आहे. भाऊसाहेब पडसलगीकर यांनी १९४१ मध्ये तेथे नूतन बुद्धिबळ मंडळ सुरू केले. मुंबई-पुण्यापासून दूर असलेल्या या गावात वर्षानुवर्षे स्पर्धा होत राहिल्या आणि भाग्यश्री साठे-ठिपसे, स्वाती घाटे यांच्यासारख्या खेळाडू तेथून पुढे आल्या. एक जागा, काही पट आणि रोज येऊन बसणारा एक माणूस, एवढ्यावर हे उभे राहिले. अहिल्यानगर जिल्हाही कोरा नाही. येथील शार्दूल गागरे ग्रँडमास्टर झाला आहे.

छोट्या गावातला खेळाडू कुठे अडतो?

बुद्धिबळ स्वस्त खेळ आहे, हे अर्धसत्य आहे. पट आणि मोहरी स्वस्त आहेत, मोबाइलवर तर फुकट खेळता येते. खर्च सुरू होतो तो मानांकनापासून. फिडेच्या यादीत नाव येण्यासाठी आधीच मानांकित असलेल्या खेळाडूंविरुद्ध किमान ५ डाव खेळावे लागतात, आणि २०२४ पासून किमान मानांकन १४०० करण्यात आले आहे. म्हणजे नवख्या मुलाला यादीत येणेही आता सोपे राहिलेले नाही.

असे डाव मिळतात ते मानांकन स्पर्धांत, आणि त्या मुख्यतः मोठ्या शहरांत होतात. प्रवेश शुल्क, एसटीचे भाडे, दोन-चार दिवसांचा मुक्काम, सोबत जाणाऱ्या पालकाची बुडालेली मजुरी हा सगळा हिशेब दर स्पर्धेला नव्याने करावा लागतो. पुढे ग्रँडमास्टर किताबासाठी २५०० मानांकन आणि नॉर्म लागतात. नॉर्मसाठी सर्वसाधारणपणे परदेशी प्रतिस्पर्धीही लागतात, म्हणजे अनेकदा परदेशवारी. दिव्याने २०२५ मध्ये महिला विश्वचषक जिंकून थेट ग्रँडमास्टर किताब मिळवला, पण तो मार्ग सगळ्यांसाठी नसतो.

मोबाइलने गावातल्या मुलाला प्रतिस्पर्धी दिले, हे खरे. पण समोर बसून चार-पाच तास एकच डाव खेळण्याची सवय मोबाइल देत नाही. ऑलिम्पियाडमध्ये कस लागतो तो त्याच सवयीचा.

मग काय करता येईल?

बुडापेस्टनंतर राज्य सरकारने विदित आणि दिव्या यांना प्रत्येकी एक कोटी रुपये जाहीर केले. त्यांनी ते कष्टाने कमावले आहेत आणि त्यावर आक्षेप असण्याचे कारण नाही. पण बक्षीस शिखरावर पोहोचलेल्याला मिळते, गरज असते ती पायथ्याशी असलेल्याला.

नगरपरिषदेच्या वाचनालयात किंवा शाळेत संध्याकाळी दोन तास एक खोली, दहा पट आणि दहा घड्याळे, एवढी सुरुवात देवळाली प्रवराला परवडणारी आहे. शालेय क्रीडा स्पर्धांत बुद्धिबळ आहेच. त्याला जोड हवी ती चार पटांच्या आंतरशालेय सांघिक स्पर्धेची. त्यात शाळेला एक हुशार मुलगा पुरत नाही, चार घडवावे लागतात आणि मुलींनाही जागा मिळते. जिल्ह्यातली एखादी मानांकन स्पर्धा दरवर्षी तालुक्याच्या ठिकाणी झाली, तर मुलांचा मुक्कामाचा खर्च वाचेल. चांगल्या खेळाडूचे प्रवेश शुल्क स्थानिक साखर कारखाने, पतसंस्था आणि बाजार समित्या सहज उचलू शकतात. कुस्तीच्या हगाम्यासाठी गावोगाव वर्गणी निघते, तशी ती पटासाठीही निघायला हरकत नाही.

देवळाली प्रवरातून उद्याच जगज्जेता निघेल, असे कोणी म्हणणार नाही. पण ऑलिम्पियाडमध्ये देशाची ताकद एका जगज्जेत्यावर ठरत नाही, ती चौथ्या आणि पाचव्या खेळाडूवर ठरते. त्या जागांसाठी दहा शहरांऐवजी शंभर तालुक्यांतून मुले झुंजू लागली, तर बुडापेस्टचे दुहेरी सुवर्ण हा एका चांगल्या पिढीचा योग न राहता सवय बनेल. त्यासाठीची पहिली चाल गावानेच खेळायची आहे.