जहाजाच्या दारात ‘झेड’ की ‘जे’?

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरातले पाच जण मुंबई-गोवा क्रूझला गेलो. समुद्र कसा दिसला, जेवण कसं होतं (हो, हलालचं विचारून घेतलं) हे सगळं मैत्रिणींना सांगून झालं आहे. इथे लिहायचं आहे ते जहाजात पाय ठेवण्याआधीच्या चाळीस मिनिटांबद्दल. ती चाळीस मिनिटं माझ्या चुकीमुळे गेली. आणि तीच चूक मी शाळेत कित्येक वर्षं अभिमानाने करत आले आहे.

आम्हा कोकणातल्या माणसांसाठी मुंबईचं बंदर म्हणजे भाऊचा धक्का. जुन्या लोकांच्या बोटी तिथूनच सुटायच्या. त्यामुळे माझ्या शोहरांनी टॅक्सीवाल्याला नुसतं ‘क्रूझ’ म्हटलं आणि तो आम्हाला सरळ मांडव्याच्या रो-रोपाशी घेऊन निघाला. मोठी क्रूझ सुटते ती बॅलार्ड पिअरवरून, इंदिरा डॉकच्या नव्या टर्मिनलमधून. सीएसएमटीहून ते अगदी जवळ आहे. जाणाऱ्यांनी टॅक्सीत बसतानाच ‘बॅलार्ड पिअर’ म्हणावं. आणि आदल्या दिवशीच मुंबईत येऊन राहावं. कोकणकन्या उशिरा आली तर जहाज थांबत नाही.

बॅलार्ड इस्टेटच्या दगडी इमारतींमधून टॅक्सी वळली तेव्हा अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, खिडकीला नाक लावून बसल्या होत्या. त्यांचे अब्बा इथूनच हजला गेले होते. तेव्हा हजची जहाजं मुंबईहून जिद्दाला जायची, ती 1995पर्यंत चालली. निरोपाला आलेली माणसं क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात उतरायची, तिथेच चुली मांडायची. अम्मी तेव्हा लहान होत्या. त्यांना जहाज फारसं आठवत नाही. आठवतं ते एवढंच की कुणीतरी कागद बघून मोठ्याने नावं पुकारत होतं आणि अब्बांचं नाव आलं तेव्हा सगळे रडायला लागले.

आता कुणी पुकारत नाही. बॅगांना पट्ट्या लावून त्या दारातच द्यायच्या, त्या संध्याकाळी आपल्या खोलीशी येतात. (औषधं, जानमाज आणि एक कपडा हातातल्या पिशवीत ठेवा. मी ठेवला नव्हता.) मग सामानाची एक्स-रे तपासणी, मग काउंटरांची लांबच लांब रांग. तिथे बोर्डिंग पास आणि मूळ ओळखपत्र शेजारी शेजारी ठेवतात. मुलगी फोटो काढते, हातात खोलीचं कार्ड देते, की पुढे जायचं.

आमच्यापैकी चौघांना कार्डं मिळाली. अम्मींच्या वेळी काउंटरवरच्या मुलीने कागद दोनदा बघितले आणि म्हणाली, “मॅडम, नाव मॅच होत नाहीये.”

तिकिटावर मी नाव लिहिलं होतं ‘झेड’पासून, आधारवर होतं ‘जे’पासून. बुकिंग करताना आधार समोरच होतं. मला ‘जे’ दिसला होता. पण मी उर्दू शिकवते, माझ्या हातून जुबेदाचं स्पेलिंग ‘जे’ने कसं व्हावं? मी ते ‘दुरुस्त’ केलं.

उर्दूत या उच्चाराची चार अक्षरं आहेत: जाल, जे, ज्वाद, जोय. जाकिरचा वेगळा, जुबेदाचा वेगळा, रजियाचा वेगळा, जफरचा वेगळा. मराठीत आलो की चारही ‘ज’मध्ये जाऊन बसतात. त्यात मराठीचा दोष नाही. मराठी माणूस ‘जुबेदा’ बरोबर वाचतो, ‘जुना’तला ज लावून. बिघडतं ते पुढच्या पायरीला. रेशन कार्डावरचं ‘जुबेदा’ बघून कुणीतरी इंग्रजीत टाइप करतो आणि त्याच्या बोटाखाली ‘जे’ येतो. काझीचं काजी होतं. एकाच घरात बाप महंमद, मोठा मुलगा मोहम्मद आणि धाकटा नुसता ‘मो.’. तिन्ही कागद खरे, तिन्ही सरकारी.

अम्मी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या. दहा मिनिटं गप्प राहिल्या. मग मला जवळ बोलावून हळूच म्हणाल्या, “अगो, मी जुबेदाच ना?”

मला हसू आलं नाही. एरवी आलं असतं. पण आमच्या घरांत कागदाचं नाव काढलं की सध्या आवाज खाली जातात. आसाममध्ये ऑगस्ट 2019च्या यादीतून 19 लाखांहून जास्त माणसं बाहेर राहिली. त्यांत हिंदूही होते, मुस्लीमही. नावाच्या एका अक्षराच्या फरकाने अडकलेल्यांच्या कहाण्या आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत. अम्मींनी वाचल्या नसतील, ऐकल्या नक्की आहेत. सहलीच्या रांगेत, नवा दुपट्टा घालून बसलेल्या बाईच्या मनात तो प्रश्न यावा, आणि तो माझ्यामुळे यावा, हे मला लागलं.

काउंटरवरच्या मुलीने आरडाओरडा केला नाही, वरिष्ठांना बोलावलं. त्यांनी अम्मींचं मतदार ओळखपत्र मागितलं. त्यावरही ‘जे’च होता. त्यांनी फोन लावले, यादीत नाव आधारप्रमाणे केलं. “सॉरी आंटी,” म्हणाले, “जहाजाची यादी आहे, अक्षर चुकवता येत नाही.”

ते चूक नव्हते. कोकणात वाढलेल्याला हे वेगळं सांगायला नको. 17 जुलै 1947ला रामदास बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि काशाच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेहून जास्त माणसं गेली. बोटीवर कोण होतं याची पक्की यादी नसली की मागे राहिलेल्यांना किनाऱ्यावर शोधत बसावं लागतं. जहाजात शिरल्यावर सगळ्यांना लाइफ जॅकेटची कवायत करायला लावतात. इटलीचं कोस्टा कॉन्कॉर्डिया जानेवारी 2012मध्ये बुडालं तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या प्रवाशांची ती झालेली नव्हती. म्हणून आता सुटण्याआधी किंवा सुटल्याबरोबर ती घ्यावीच लागते. तिथेही हजेरी असते. समुद्रावर माणूस मोजला जातो तो यादीतल्या नावानेच.

तेव्हा दोष काउंटरचा नाही. काही प्रमाणात तो आम्हा शिक्षकांचा आहे. पहिलीत मूल आलं की त्याचं नाव जनरल रजिस्टरमध्ये जातं, तेच शाळा सोडल्याच्या दाखल्यावर, तेच दहावीच्या सर्टिफिकेटवर. त्या वेळी आम्ही जन्मदाखला समोर ठेवून अक्षर न् अक्षर उतरवायला हवं. आम्ही काय करतो? कुणी घाईत वाटेल ते लिहितं, आणि माझ्यासारखे हुशार लोक ‘शुद्ध’ लिहितात. मी किती झैनब आणि किती रझिया अशा शुद्ध केल्या असतील, आठवून आता पोटात गोळा येतो. त्यातल्या कुणाला राजपत्रात जाहिरात देत फिरावं लागलं असेल. आधारमधलं नावही आयुष्यात दोनदाच बदलता येतं.

शाळेतल्या एका सहकाऱ्याला हे पटत नाही. ते म्हणतात, “मॅडम, चुकीचं नाव निमूट का घ्यायचं? उच्चार आपली ओळख आहे.” त्यांचं दुखणं मला कळतं. मलाही ‘जे’ टोचतो. पण उच्चार तोंडात सांभाळायची गोष्ट आहे. मी वर्गात ज्वाद आणि जोय यांतला फरक शिकवत राहीन. कागदावर मात्र शुद्ध नको, एकसारखं हवं. बाळाचा जन्मदाखला काढतानाच घरातल्यांनी बसून इंग्रजी स्पेलिंग ठरवावं, ते कुठेतरी लिहून ठेवावं आणि मग मौलानांनी सांगितलं, टीचरने सांगितलं, तरी बदलू नये. आपल्या जमातींच्या संस्था गुणवंतांचे सत्कार करतात, रक्तदान शिबिरं घेतात, फार चांगलं. वर्षातून एक रविवार मशिदीच्या नाहीतर शाळेच्या हॉलमध्ये टेबल मांडून घरोघरचे कागद शेजारी शेजारी ठेवून बघायलाही लागावं. या कामाला वकील लागत नाही. बी.एड.ची दोन मुलं आणि एक चष्मा पुरे.

जहाज सुटलं तेव्हा अम्मी डेकवर होत्या. खोलीचं कार्ड गळ्यात घातलं होतं, ते उलटसुलट करून बघत होत्या. मी म्हटलं, “अम्मी, घरी गेल्यावर आधारमध्ये नाव नीट करून घेऊ.”

“आता काही हात लावू नको,” त्या म्हणाल्या. “परत यायचंय ना याच नावाने?”