शिकाऊ किती, कायम किती?

खेड्यातल्या गरीब पोरांना कौशल्य द्या, त्यांचं करिअर होईल, असं उठता-बसता सांगितलं जातं. कौशल्याला आमचा विरोध नाहीच. १९४२ च्या निवेदनात खुद्द बाबासाहेबांनी व्हाइसरॉयकडे मागणी केली होती की, अस्पृश्य मुलांना सरकारी छापखान्यांत, रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये शिकाऊ म्हणून घ्या. पण त्याच निवेदनात परदेशी उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्त्याही मागितल्या होत्या. त्या मात्र कुणाला आठवत नाहीत! आमच्या पोरानं पाना हातात घ्यावा, एवढंच यांचं स्वप्न.

बरं, पाना घेतला. पैठण-कन्नडचा पोरगा आयटीआय करून वाळूजला अप्रेंटिस लागतो, खोलीचं भाडं भरतो, मशीनवर उभा राहतो. तरी १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याचं कलम १८ म्हणतं, तो कामगार नव्हेच. मुदत संपल्यावर नोकरी? कलम २२ मध्ये २०१४ ला दुरुस्ती झाली. भरतीचं धोरण मालकानं स्वतः ठरवायचं. म्हणजे कोंबड्यांची राखण कोल्ह्याकडे.

मग वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याच्या कंपन्यांनी ते धोरण गेटवर लावावं. सोबत दोन आकडे: गेल्या वर्षी शिकाऊ किती घेतले आणि त्यातले कायम किती केले.