लिफ्ट की इम्प्लांट? त्याआधीचा एक प्रश्न

मैत्रिणींनो, आणि मित्रांनो तुम्हीसुद्धा, पान उलटू नका. आजचा विषय भोर-वेल्ह्याच्या कट्ट्यावर कुणी काढत नाही. होस्टेलच्या खोलीत दिवा बंद झाल्यावर तो निघतो, नाहीतर मोबाइलवर सर्च करून हिस्ट्री पुसली जाते. छाती थोडी ओघळलेली वाटते, मग लिफ्ट करावी की इम्प्लांट बसवावं? रील्सवर याची उत्तरं धडाधड मिळतात. तीस सेकंदांत 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो, खाली क्लिनिकचा नंबर आणि 'सोप्या हप्त्यांत' अशी ओळ. त्या तीस सेकंदांत जे राहून जातं, त्याबद्दल आज बोलू.

आधी शरीराचं साधं गणित. स्तन म्हणजे स्नायू नाही. त्यात दूध तयार करणाऱ्या ग्रंथी, चरबी आणि या सगळ्याला त्वचेशी बांधून ठेवणारे तंतू असतात. छातीचा स्नायू त्यांच्या मागे असतो. म्हणून पुशअप्स मारून स्नायू बळकट होतो, पाठ सरळ होते, दिसण्यात थोडा फरकही पडतो, पण स्तन वर सरकत नाहीत. वय, गरोदरपण, वजनाची मोठी चढ-उतार, मुळातच मोठा आकार आणि धूम्रपान यांमुळे ते सैल होतात. बाळाला अंगावर पाजल्याने छाती उतरते, असं आपल्याकडे सर्रास सांगतात. अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठाच्या प्लास्टिक सर्जननी हेच तपासलं होतं. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दोष गरोदरपणांची संख्या, वय, वजन, धूम्रपान यांच्याकडे गेला, दूध पाजण्याकडे नाही.

डॉक्टर 'किती ओघळलंय' हे कसं ठरवतात? स्तनाच्या खाली जिथे घडी पडते, ती रेषा धरायची आणि स्तनाग्र तिच्या वर आहे, बरोबरीला आहे की खाली, ते बघायचं. वर असेल तर बहुतेक वेळा ओघळलेलं काही नसतंच, फक्त खालचा भाग भरलेला असतो. बरोबरीला असेल तर ते सौम्य. खाली गेलं की मध्यम, आणि अगदी जमिनीकडे वळलं की जास्त. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या नसणं हे तर बहुतेक सगळ्यांचंच असतं. विसाव्या वर्षी आरशात बघून 'माझं काहीतरी बिघडलंय' असं वाटणाऱ्या कितीतरी मुलींचं काहीच बिघडलेलं नसतं. त्यांनी तुलना केलेली असते ती पुशअप ब्रा, फिल्टर आणि कॅमेऱ्याच्या अँगलशी.

आता त्या दोन शस्त्रक्रिया. रील्समध्ये त्या एकाच दुकानातल्या दोन ब्रँडसारख्या दाखवतात, पण त्यांचं काम वेगळं आहे. लिफ्टमध्ये जादा त्वचा काढतात, आतला भाग नव्याने बसवतात आणि स्तनाग्र वर घेतात. आकार वाढत नाही. बदल्यात व्रण मिळतात : स्तनाग्राभोवती, कधी तिथून खाली उभा, कधी घडीच्या रेषेतही. ते फिके होतात, पण जात नाहीत. तुमच्या घरात कुणाला कान टोचल्यावर किंवा टाक्यांवर जाड, उंचावलेला व्रण येत असेल, तर ही गोष्ट डॉक्टरांना पहिल्या भेटीतच सांगायची. स्तनाग्राची संवेदना बदलू शकते, पुढे दूध पाजण्यात अडचण येऊ शकते, आणि वजन-वयाबरोबर स्तन पुन्हा खाली येऊ शकतात.

इम्प्लांट म्हणजे सिलिकॉनची पिशवी आत बसवणं. तिच्यात सिलिकॉनचं जेल असतं किंवा सलाइन. याने आकार वाढतो. ज्यांचा वरचा भाग रिकामा झालाय आणि ओघळ अगदी किरकोळ आहे, त्यांना एवढ्याने छाती उचललेली दिसू शकते. पण स्तनाग्र घडीच्या खाली गेलं असेल, तर नुसत्या इम्प्लांटने काम होत नाही. उलट आधीच सैल असलेल्या त्वचेवर नवं वजन पडतं, आणि काही वर्षांनी तक्रार तीच, फक्त जास्त जड. दोन्ही एकत्रही करतात. पण त्यात बाहेरून त्वचा आवळायची आणि आतून ताणायची असते, म्हणून ते काम नाजूक.

थोडक्यात, त्वचा सैल असेल तर लिफ्ट, भरीवपणा कमी असेल तर इम्प्लांट. आणि सौम्य ओघळ असलेल्या विशीतल्या मुलीसाठी तिसरं उत्तरही तितकंच खरं आहे : काहीच नाही. हे उत्तर विकता येत नाही, म्हणून ते जाहिरातीत नसतं.

इम्प्लांटच्या बाबतीत एक हिशेब करून बघा. अमेरिकेच्या एफडीएने 2021 मध्ये त्यावर सगळ्यात ठळक अशी चौकटीतली सूचना सक्तीची केली आणि शस्त्रक्रियेआधी प्रत्येक बाईला धोक्यांची यादी वाचून दाखवायला सांगितलं. त्यात स्पष्ट म्हटलंय की हे आयुष्यभर टिकणारं साधन नाही. सिलिकॉन जेलचं इम्प्लांट आतल्या आत फुटलं तर कळतही नाही, म्हणून पहिला एमआरआय किंवा सोनोग्राफी पाच-सहा वर्षांनी आणि नंतर दर दोन-तीन वर्षांनी करायची शिफारस आहे. बावीसाव्या वर्षी बसवलं, तर पन्नाशीपर्यंत आठ ते बारा स्कॅन झाले. शिवाय कधीतरी काढणं किंवा बदलणं, म्हणजे पुन्हा ऑपरेशन. इम्प्लांटभोवती शरीर जे आवरण तयार करतं ते घट्ट होऊन दुखू शकतं. खरबरीत पृष्ठभागाच्या काही इम्प्लांटशी एका दुर्मिळ कॅन्सरचा संबंध आढळला, आणि 2019 मध्ये ॲलर्गन कंपनीने तसे इम्प्लांट जगभरातून परत घेतले. फ्रान्समधल्या पीआयपी कंपनीने तर वैद्यकीय दर्जाचं नसलेलं सिलिकॉन भरल्याचं 2010 मध्ये उघड झालं. निव्वळ सौंदर्यासाठी सिलिकॉन जेलचं इम्प्लांट बसवायला अमेरिकेत किमान वय 22 ठरवलंय. आपल्यातले बरेच जण अजून त्या वयाचेही नाहीत.

'मग ऑपरेशन नको, तेल-क्रीम लावते,' असं म्हणणाऱ्यांसाठी : आपल्या देशात 1954 चा औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा आहे. ज्या गोष्टींवर औषधाची जाहिरात करायला त्यात बंदी आहे, त्या यादीत स्त्रीच्या छातीचा आकार आणि ठेवण हेही आहे. म्हणजे 'पंधरा दिवसांत सुडौल' म्हणणारी ती बाटली फसवी तर आहेच, तिची जाहिरातही बेकायदा आहे. पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. सत्तर वर्षं जुना कायदा, आणि जाहिराती आजही चालूच.

पण सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न वेगळाच आहे. ही शंका तुमच्या मनात घातली कुणी?

जगातलं पहिलं सिलिकॉन इम्प्लांट 1962 मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनला बसवलं गेलं. टिमी जीन लिंडसे हे त्या बाईंचं नाव. त्या गेल्या होत्या छातीवरचा टॅटू काढायला. इम्प्लांटची कल्पना डॉक्टरांची होती. बाईंना स्वतःला काय बदलायचं होतं? कान. ते बाहेर आलेत असं त्यांना वाटायचं. शेवटी कानही झाले आणि इम्प्लांटही. या धंद्याची सुरुवातच अशी झाली, की बाईची तक्रार एक आणि तिला मिळालेलं उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचं.

आपल्याकडे हा प्रश्न मनात घालायला डॉक्टर लागत नाहीत. वर्गातल्या मागच्या बाकावरची कुजबुज पुरते. ग्रुपवर फिरणारा एखादा 'जोक' पुरतो. पोलीस भरतीसाठी 800 मीटर धावायचा सराव करणाऱ्या मुलींकडे मैदानाच्या कडेने रोखून बघणाऱ्या नजरा पुरतात. पुढे स्थळं यायला लागली की काकू-मावशींची 'जरा अंगाने भर' ही प्रेमळ सूचना पुरते. मित्रांनो, म्हणूनच सुरुवातीला म्हटलं की पान उलटू नका. तुमच्या एका कमेंटवर कुणाचं तरी लाखाचं कर्ज उभं राहू शकतं. आणि धावणाऱ्या मुलीला ऑपरेशन लागत नाही, मापाची, घट्ट स्पोर्ट्स ब्रा लागते. ती दुकानात न लाजता मागता आली, तर निम्मी तक्रार तिथेच मिटेल.

याचा अर्थ शस्त्रक्रिया करणारी मुलगी उथळ, असा काढू नका. ते तर आणखी वाईट. प्लास्टिक सर्जरीचा आणि आपल्या पुण्याचा संबंध जुना आहे. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणाऱ्या कावसजी नावाच्या माणसाचं नाक टिपूच्या सैन्याने कापलं होतं. पुण्याजवळच्या एका वीटकाम करणाऱ्या कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक करून दिलं. ऑक्टोबर 1794 च्या लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये ती हकिगत छापून आली आणि ती वाचून तिकडच्या सर्जननी ही पद्धत उचलली. कावसजीला कुणी 'एवढं काय नाकाचं' असं विचारलं नसेल. तमिळनाडू सरकारने 2018 मध्ये चेन्नईच्या सरकारी रुग्णालयात स्तनांच्या शस्त्रक्रिया मोफत उपलब्ध केल्या, तेव्हा टीका झाली. पण ज्या बाईला खरंच त्रास आहे, तिने तो केवळ गरीब आहे म्हणून सोसावा का, हा सवाल योग्यच होता. वजन खूप उतरल्यावर लोंबणारी त्वचा, दोन बाजूंत मोठा फरक, मनाला रोज टोचणारं काही, ही कारणं खरी असतात. शरीर तुमचं आहे, निर्णयही तुमचाच.

फक्त निर्णय पूर्ण माहितीने घ्या. डॉक्टर प्लास्टिक सर्जरीत एम.सीएच. किंवा डीएनबी आहेत का, हे विचारा. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागा. 'माझ्या बाबतीत स्तनाग्र घडीच्या वर आहे की खाली?' हा प्रश्न विचारा. ज्याला याचं सरळ उत्तर देता येत नाही, त्याच्याकडे परत जाऊ नका. इम्प्लांट असेल तर कंपनीचं नाव आणि क्रमांक असलेलं कार्ड घ्या. पुढच्या स्कॅनचा आणि दुसऱ्या ऑपरेशनचा खर्च आजच विचारा, कारण आरोग्य विम्यात सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया धरत नाहीत. दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या. ससूनमध्येही प्लास्टिक सर्जरी विभाग आहे, सल्ल्यासाठी तिथे जाता येतं. 'आज बुक केलं तर सूट' म्हणणाऱ्या ठिकाणाहून उठून या. पुढे मुलं हवी असतील किंवा वजन अजून बदलत असेल, तर थांबण्यात शहाणपण आहे, कारण गरोदरपणात केलेलं काम पुन्हा बदलू शकतं. आणि भोरहून पुणं पन्नासेक किलोमीटर, वेल्ह्याच्या आतल्या वाड्यांतून त्याहून अवघड. टाके, ड्रेसिंग, रात्री अचानक ताप आला तर कोण नेणार, हेही ठरवून ठेवावं लागतं. रील्समधल्या मुलीला शेवटची एसटी पकडायची नसते.

लाजेची खरी किंमत मात्र दुसरीकडेच मोजली जाते. गाठ, एका बाजूच्या आकारात अचानक झालेला बदल, त्वचा आत ओढली जाणं, स्तनाग्रातून रक्त किंवा पाणी येणं, हे ओघळणं नव्हे. यासाठी क्लिनिकचं पॅकेज शोधायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा. भोरला उपजिल्हा रुग्णालय आहे. भातलावणीत दिवसभर वाकून काम करणारी आई 'दुखतंय, पण सांगायचं कुणाला' म्हणत वर्ष काढते आणि लेक त्याच वेळी मोबाइलवर इम्प्लांटचे दर बघत असते. दोघींना गप्प बसवणारी गोष्ट एकच आहे.

म्हणून आपल्या कॉलेजांकडे एक मागणी. दर वर्षी 'व्यक्तिमत्त्व विकास' शिबिरं होतात, एनएसएसचे कॅम्प होतात. त्यातलं एक सत्र स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांना द्या. विषय : आपलं शरीर, त्यात नॉर्मल काय आणि डॉक्टरला दाखवायचं काय. मुलींसाठी प्रश्नांची चिठ्ठीपेटी ठेवा, नाव न लिहिता. मुलांचं सत्र वेगळं घ्या, पण घ्याच. खर्च जवळपास शून्य.

लिफ्ट की इम्प्लांट, हे ज्याचं त्याने डॉक्टरसमोर बसून ठरवावं. त्याआधी एकदा एकटीने विचारा : मला हे हवंय, की मला हे हवं असावं असं कुणाला तरी वाटतंय? उत्तर यायला वेळ लागला तरी चालेल. ऑपरेशनची घाई तुमच्या शरीराला नाही.