सातच जणी

यंदा बढती हुकली आणि महिनाभर मी घरात कुणाशी धड बोललो नाही. मुलीचं शाळेतलं नाटकही चुकवलं. तेव्हा हमीद दलवाई आठवले. १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांनी मुंबईत विधिमंडळावर तोंडी तलाकविरोधी मोर्चा नेला. सोबत मुस्लिम महिला होत्या फक्त सात! गर्दीच्या हिशेबाने तो फसलाच. १९७७ मध्ये, ४४व्या वर्षी, दलवाई गेले. एका दमात दिलेला तिहेरी तलाक सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवला तो २०१७ मध्ये.

आकांक्षा जरूर असावी. पण यशाचं माप साहेबाच्या हाती देऊ नये. माझ्यामुळे कुणाचं ओझं हलकं झालं का, एवढंच मी आता स्वतःला विचारतो. परवा मुलीने नाटकातले संवाद पुन्हा म्हणून दाखवले. प्रेक्षक मी एकटाच.