जुगाराचा पैसा जातो कुठे?

मटक्याचे मूळ परदेशी आकड्यात आहे, हे आज फारसे कुणाच्या लक्षात नसते. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले भाव तारेने मुंबईला येत आणि त्यांवर इथे पैसे लागत. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ते भाव येणे थांबले, तेव्हा मडक्यात चिठ्ठ्या टाकून आकडा काढण्याची युक्ती निघाली. आकडा परदेशी असला, तरी पैसा मात्र त्या काळी मुंबईतच फिरे. आता उलटे झाले आहे. सामना आपला, खेळणारा आपला, पैसाही आपला. तो गोळा करणारा दुबईत, नाहीतर कुठल्याशा बेटावर.

आणि हे मोठ्या शहरांपुरते राहिलेले नाही. गेल्या पावसाळ्यात भंडारदऱ्याला गेलो असताना धरणाजवळच्या शेंडी गावात चहाला थांबलो. शेजारच्या बाकावर एक तरुण दुसऱ्याला समजावत होता, ‘‘तू फक्त पासबुक, एटीएम आणि सिमकार्ड दे. बाकी काही करायचं नाही. महिन्याच्या महिन्याला पैसे मिळतील.’’ एका पावसाचे भातपीक आणि पर्यटकांचा हंगाम, एवढ्यावर जिथे वर्ष काढायचे, तिथे ही लालूच लहान नव्हे.

अशा खात्याला बँकवाले ‘म्यूल’ खाते म्हणतात. म्हणजे दुसऱ्याचे ओझे वाहणारे खेचर. परदेशी जुगारवाल्याला भारतात उजळ माथ्याने खाते उघडता येत नाही. म्हणून खेळणाऱ्याने यूपीआयने भरलेली रक्कम आधी या भाड्याच्या खात्यात येते, तिथून चार-सहा खात्यांतून फिरते आणि हवाल्याने किंवा आभासी चलनातून देशाबाहेर पडते. पोलीस येतात ते खातेदाराच्या दारात. मार्च २०२५मध्ये जीएसटी गुप्तचर यंत्रणेने अशी ३५७ संकेतस्थळे बंद केल्याचे जाहीर केले. सुमारे २४०० बँक खाती आणि सव्वाशे कोटींच्या आसपास रक्कम गोठवली. एवढी खाती आली कुठून? कुणीतरी आपले पासबुक दिलेच ना!

परवाना द्या, कर घ्या आणि बाकीच्यांना बाहेर ठेवा, हा उपाय बरीच वर्षे सुचवला जात होता. सिक्कीमने २००८मध्ये त्यासाठी कायदाही केला. ऑक्टोबर २०२३पासून खेळासाठी भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागला आणि परदेशी कंपन्यांनाही नोंदणी सक्तीची झाली. नोंदणी करणाऱ्यांनी कर भरला. न करणाऱ्यांनी तोच कर वाचवून गिऱ्हाईक ओढले. फिलिपिन्सने २०१६पासून परदेशी गिऱ्हाइकांसाठी जुगाराचे परवाने वाटले. त्या आडून फसवणूक आणि माणसांची तस्करी सुरू झाली, तेव्हा २०२४मध्ये त्या देशाला तो सारा धंदाच बंद करावा लागला.

आपल्या संसदेने ऑगस्ट २०२५मध्ये पैसे लावून खेळायच्या सर्व ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला: तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड आणि बँकांनीही असे व्यवहार करायचे नाहीत. मला यातले शेवटचे कलम सर्वांत महत्त्वाचे वाटते. आपल्या १८८७च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याचा सारा रोख जुगाराच्या अड्ड्यावर. मोबाइलचा अड्डा कुठला शोधायचा? संकेतस्थळ बंद केले, तर नावातले एक अक्षर बदलून ते संध्याकाळी पुन्हा उघडते. पैशाला मात्र बँकेतून जावेच लागते. निवृत्तिवेतनासाठी आलेल्या म्हातारीकडे तीन-तीनदा कागद मागणाऱ्या शाखेला, विद्यार्थ्याच्या बचत खात्यातून एका रात्रीत लाखो रुपये आले-गेले, याचे नवल वाटू नये?

राजूरच्या, अकोल्याच्या बँकांत नवे खाते उघडणाऱ्या प्रत्येक मुलाला एक कागद मराठीत वाचून दाखवावा, त्याच्या आईवडिलांसमोर: खाते, कार्ड किंवा सिम दुसऱ्याला वापरायला दिले, तर गुन्ह्यात नाव तुमचे येईल.