बडी ब्रॅडली : पत्रिकेत नसलेले नाव

१/ १९२८. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर ‘ग्रीनिच व्हिलेज फॉलीज’ रंगत होते. कार्यक्रमपत्रिकेत नृत्यदिग्दर्शक म्हणून नाव होते बझ्बी बर्कली यांचे. नृत्ये बसवली होती बडी ब्रॅडली या कृष्णवर्णीय टॅप नर्तकाने. केवळ छापील कागद प्रमाण मानला, तर ब्रॅडली तेथे नव्हतेच!

२/ टॅपमध्ये बुटाच्या तळाला धातूच्या पट्ट्या असतात. पाऊल हेच तालवाद्य. आफ्रिकी वंशाच्या गुलामांची तालपरंपरा आणि आयरिश-इंग्लिश लोकनृत्ये यांच्या संगमातून ही कला अमेरिकेत घडली.

३/ ब्रॅडली बिली पिअर्स यांच्या नृत्यशाळेत शिकवत. जॅझच्या ध्वनिमुद्रिका ऐकताना ते मूळ चाल बाजूला ठेवत, उत्स्फूर्त वादनातील आघात हेरत आणि तेच पावलांत उतरवत. रूबी कीलर, अडेल अ‍ॅस्टेअर यांच्यासारखे श्वेत कलावंत त्यांच्याकडे शिकले. टाळ्या शिष्यांना मिळाल्या. गुरू पडद्याआडच राहिला.

४/ १९३० मध्ये निर्माते सी. बी. कॉक्रन यांनी त्यांना लंडनला नेले. रॉजर्स आणि हार्ट यांच्या ‘एव्हर ग्रीन’ची नृत्ये त्यांनी बसवली. १९३२ मध्ये फ्रेडरिक अ‍ॅश्टन यांच्यासह ‘हाय यलो’ हा बॅले साकारला. १९३४ च्या ‘एव्हरग्रीन’ चित्रपटात जेसी मॅथ्यूज त्यांच्याच रचनांवर नाचल्या. येथे मात्र श्रेय त्यांच्या नावावर जमा झाले.

५/ म्हणून लंडन निष्कलंक ठरत नाही. ‘हाय यलो’ हे शीर्षकच उजळ वर्णाच्या कृष्णवर्णीयांना लावले जाणारे वर्णवाचक विशेषण होते.

६/ ‘तेव्हाची रीतच तशी होती, शिवाय मोबदला मिळत होता,’ असा बचाव केला जातो. तो मला मान्य नाही. अवघ्या दोन वर्षांत तोच माणूस, तीच कला, आणि दुसऱ्या शहरात नाव छापता आले. म्हणजे रीत अटळ नव्हती. ती निवड होती. मोबदल्याने श्रम फिटतात, कर्तृत्व विकत घेता येत नाही.

७/ ब्रॅडली १९७२ मध्ये निवर्तले. बर्कली यांची कीर्ती हॉलीवूडमुळे आजही टिकून आहे, आणि ती कमी लेखण्याचे कारण नाही. पण इतिहासाच्या अभ्यासकाने प्रत्येक श्रेयनामावलीला एक प्रश्न विचारलाच पाहिजे : हे काम केले कोणी, आणि नाव छापण्याचा अधिकार कोणाच्या हाती होता?