मैत्रिणीशी फोन

खाप्याची मुलगी लग्न होऊन नागपूरला किंवा पुण्याला जाते, तेव्हा माहेर तुटत नाही. सणावाराला येणे होते. तुटते ती मैत्रीण. सावनेरच्या बसमध्ये जिच्याशी रोज गप्पा व्हायच्या, तीही कुठेतरी सासरी गेलेली असते. आई फोनवर ‘जेवलीस का’ विचारते; ‘आवाज असा का येतोय’ हे मैत्रीण विचारायची.

काही महिन्यांनी डोके दुखते, झोप लागत नाही, छातीत धडधडते. हिमोग्लोबिन, थायरॉईड तपासावेच; रक्तक्षय आपल्याकडे कमी नाही. पण अहवाल चांगले आले की टॉनिक देऊन बोळवण होते. मनातले कोणाशी बोलतेस, हे डॉक्टरही विचारत नाहीत. २०१० साली १४८ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात, तीन लाखांहून अधिक लोकांत, घट्ट नातेसंबंध असणाऱ्यांची जगण्याची शक्यता सुमारे ५० टक्के जास्त दिसली होती. इतका फायदा एखाद्या गोळीने झाला असता, तर घरच्यांनी ती आठवणीने दिली असती.

सुनेने मैत्रिणीशी अर्धा तास फोनवर बोलणे मात्र अजून रिकामपणाचे लक्षण ठरते. मुलाचा पानठेल्यावरचा तास कोणी मोजत नाही. दोन आठवडे झोप-भूक उडाली असेल, तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मोफत बोलता येते, मराठीतही. त्याआधी तिला तो अर्धा तास मिळू द्यावा, दार लोटून.